लेप्टिनच्या रिपोर्टवर विसंबू नका

‘मुलगी जेवत नसेल तर लॅबमध्ये लेप्टिन तपासा, नॉर्मल आलं की काळजी मिटली’ असा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. साफ चुकीचा आहे. लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन, ते चरबीच्या पेशींतून येतं. अंगातली चरबी घटली की तेही घटतं, मग कारण कुठलंही असो. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं जेवण तोडण्याचा मानसिक आजार. त्याचं निदान होतं ते मुलीशी बोलून, वजन-उंचीचा आलेख बघून. रक्त तपासतात ते धोका कळावा म्हणून: मुद्दाम उलट्या काढणाऱ्यांचं पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गंभीर आजारातही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! भाकरी हळूच ताटाखाली सरकतेय, पाळी थांबलीय, चक्कर येतेय, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि हो, मुलग्यांनाही हा आजार होतो. मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही.