युरोपचा दाखला द्यायचा तर पुरता द्या

माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) खासगी माहिती नाकारण्याबद्दल आहे. त्यात बदल होऊन असा नकार देणं आता सोपं झालंय. या बदलाचं समर्थन करताना महाराष्ट्रातले बरेच जण युरोपकडे बोट दाखवतात: तिकडेही खासगी माहितीला संरक्षण आहेच की! माझ्यासारख्या स्वीडनमध्ये राहणाऱ्याला हे ऐकून संताप येतो.

इथे 2 डिसेंबर 1766 रोजी मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला. त्यामागे आजच्या फिनलंडमधले पाद्री अँडर्स किडेनियस यांची मोठी खटपट होती. धार्मिक लेखन वगळता छपाईपूर्व तपासणी गेली आणि सरकारी कागद मागून, नकलून छापण्याचा हक्क आला. 1772 मध्ये तिसऱ्या गुस्ताव राजाने सत्ता बळकावली, दोन वर्षांत कायदाही छाटला. आज मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा राज्यघटनेचा भाग आहे. बदलायचा तर संसदेची मंजुरी दोनदा लागते, मध्ये सार्वत्रिक निवडणूक.

कागद मागणाऱ्याला इथे सहसा नाव विचारता येत नाही, कारणही नाही. कार्यालयात बसून वाचणं फुकट. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा लागू असूनही कोणाचंही करपात्र उत्पन्न मागितलं की कळतं. रुग्णाची फाइल अर्थातच गुप्त. पण नकार देताना नेमकं कलम दाखवावं लागतं, आणि बहुतेक कलमांत ‘उघड केल्यास हानी होईल का’ ही कसोटी असते. गुप्त ओळी झाकून उरलेला कागद देतात. नकाराविरुद्ध थेट न्यायालयात जाता येतं.

आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातही अशी कसोटी होती: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर विनाकारण घाला येतो का. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने तीच काढून टाकली, आणि नोव्हेंबर 2025 पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणणं नकाराला पुरतं. हजेरीपट, ठेकेदाराचं बिल, घरकुलाची यादी: नाव नसलेला कागद कोणता? युरोपकडून घ्यायची होती ती हानीची कसोटी. आपण होती तीही घालवली.

कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अडचण अशी की न पाहिलेल्या कागदातलं जनहित अर्जदारानेच पटवायचं, तेही महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे 150 शब्दांत, एकाच विषयावर. म्हणून जुनी तरतूद परत येईपर्यंत अर्जात कामाचं नाव, वर्ष आणि खर्च झालेला सार्वजनिक पैसा आधी लिहा, मग 8(2) चा उल्लेख करा, आणि कलम 10 खाली खासगी भाग झाकून उरलेली प्रत मागा. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा.