‘कधी हातात कुदळ धरून बघा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरापुढच्या बागेसाठी गोव्याच्या मातीतलीच झाडं निवडली तर पाणी, खत आणि माळी या तिन्हींचा खर्च कमी होतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर पर्वरीच्या एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या अंगणात त्यांनी हौसेने लावलेला सीतेचा अशोक दुसऱ्या उन्हाळ्यात वाळला, ही असली झाडं नर्सरीत मिळत नाहीत, बुंध्याशी पाला ठेवला की साप येतात, आणि काजू-चाफा तरी कुठे आपले आहेत, मग तेही उपटायचे का? शेवटी हे वाक्य: ‘बाई, पुस्तकं वाचून बागा होत नाहीत, कधी हातात कुदळ धरून बघा.’

बाकीच्या मुद्द्यांकडे येते. आधी या वाक्याचं बघू, कारण प्रतिक्रियेतला सगळा विखार त्यात आहे.

माझं माहेर फोंडा तालुक्यातलं. घरामागे कुळागर होतं: माड, पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मध्ये केळी, आणि बांधाच्या कडेने भिरंडी, म्हणजे कोकमाची झाडं. वडील आजारी पडल्यावर ते कुळागर आई आणि मी चालवलं. उन्हाळ्यात झरीचं पाणी पाटाने पाळीपाळीने फिरवायचं, एका आळ्यातून दुसऱ्यात सोडायचं, बांध फुटला की चिखलात उतरून तो लिंपायचा. गडी मिळेल तेव्हा गडी, नाही तर आम्हीच. पोफळींना पाणी चुकलं की झावळ्या लगेच उतरायच्या. त्याच बांधावरच्या भिरंडींना मात्र कोणी कधी कळशीभर पाणी घातल्याचं मला आठवत नाही, आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत त्या लाल फळांनी लगडायच्या. फळं फोडून बिया काढायच्या, सालांना मीठ लावून उन्हात घालायची, आणि वळवाचे ढग दिसले की सुपं उचलून आत धावायचं. बोटांची जांभळी लाली दिवसेंदिवस जायची नाही. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांपासून वाढवलेलं रोप नर निघालं तर फळ धरत नाही, म्हणून मादी झाडाचं कलम लावावं, हे मी लेखात लिहिलं ते पुस्तकातून उचललेलं नाही. आमच्या बांधावर न फळणाऱ्या भिरंडी उभ्या होत्या आणि आई दर वर्षी त्यांच्याकडे बघून हळहळायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात १९९७ साली आली. तोवर आमच्या भिरंडींची एक पिढी म्हातारी झाली होती.

लग्नानंतर मी बार्देशात आले. इथलं अंगण म्हणजे निव्वळ खडप, वर वीतभर माती आणि खाली चिरा. कुदळीचं विचारता ना? चिऱ्यात कुदळ चालत नाही, तिथे पहार लागते. पहारीने फोडलेल्या खड्ड्यात पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत जिरलं तर तिथे झाड लावायचं. तसंच साचून राहिलं तर खड्डा आणखी खाली, भेग सापडेपर्यंत फोडायचा, नाही तर जुलैत मुळं कुजतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरपासून जांभ्या जमिनीतली ओल उतरत जाते आणि फेब्रुवारीत माती विटेसारखी होते. चार महिने पायाशी पाण्याचा लोट आणि पुढे आठ महिने जवळजवळ कोरडं, हे दोन्ही सोसणारं झाड हवं. करवंद, पिटकुळी, अंजनी, कुडा, धायटी ही झाडं सड्यावर हेच करत आली आहेत. वाघनखीचा वेल तर उन्हाळ्यात दिसतच नाही. कंद जमिनीखाली झोपतो आणि पहिल्या पावसात वर येतो. (तिचा कंद आणि बाकीचे भागही विषारी असतात, लहान मुलं असलेल्या घरांनी ती लावू नये.)

हे मी हाताने केलं आहे. पहार धरल्याने आलेले घट्टे दाखवून मला लेख लिहायचा परवाना मिळवायचा नाही. पण हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला कुदळीबद्दल विचारलं असतं का, याचा त्या वाचकांनी विचार करावा. मतभेद असू द्या. न भेटलेल्या माणसाच्या कष्टांबद्दल परस्पर निकाल देऊ नये, एवढी सभ्यता तरी आपल्या गावांत अजून आहे असं मी समजत होते.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. नर्सरीबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. रस्त्याकडेच्या नर्सरीत क्रोटन, बोगनवेल आणि शोभेचे पाम रांगेने मिळतात, अंजनीचं रोप मागितलं तर मालक आपल्याच तोंडाकडे बघतो. पण त्यावर उपाय नाही असं नाही. वन खात्याच्या रोपवाटिका पावसाच्या तोंडावर रोपं देतात. पिटकुळीची फांदी जूनमध्ये खोचली तर बरेचदा धरते. करवंदाचं बी मात्र ताजंच रुजतं, म्हणून मे महिन्यात करवंदं खाल्ली की त्याच आठवड्यात पिशवीत पेरावं. चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, कुड्याच्या शेंगा आणि माट्टीची फळं रानातून शोधून आणणारी माणसं प्रत्येक वाड्यावर आहेत. त्यांना विचारा, नर्सरीपेक्षा जास्त माहिती मिळेल.

आता अशोक. सीतेचा अशोक ओढ्याकाठचं, सावलीतलं, ओलाव्याचं झाड आहे. ते पर्वरीच्या सड्यावर, भर उन्हात, सिमेंटच्या कुंपणाला लागून लावलं आणि वाळलं, तर दोष देशी झाडांचा कसा? मी ‘देशी लावा आणि विसरा’ असं कुठेही लिहिलं नव्हतं. सडा, डोंगरउतार आणि समुद्रकाठ यांची झाडं वेगळी सांगितली होती. समुद्रकाठच्या वाळूत उंडी आणि निगडी टिकतात, घराच्या सावलीच्या बाजूला दिंडा. आणि कुठलंही झाड असलं तरी पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी घालावं लागतं, हेही ठळक अक्षरांत होतं. कमी देखभाल म्हणते ती त्यानंतरची. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर कदाचित तो अशोक वाचला असता.

काजू उपटा असं मी कोणत्या ओळीत लिहिलं, तेवढी ओळ दाखवावी. काजू ब्राझीलमधून पोर्तुगीजांबरोबर आला, देवळापुढचा चाफाही अमेरिकेकडचाच, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. माझ्याही दारात चाफा आहे. माझी हरकत आहे ती कुंपणाच्या कडेला ‘देखभाल नको’ म्हणून लावल्या जाणाऱ्या सिंगापूर डेझी या जमिनीवर पसरणाऱ्या झाडाला. तिचा तुटलेला तुकडासुद्धा मूळ धरतो, गटाराच्या पाण्याबरोबर ती खालच्या शेताच्या बांधावर जाते आणि तिथलं गवत गिळते. रानमोडी या बाहेरून आलेल्या तणाने आपल्या डोंगरांचं काय केलं ते डिचोली-सत्तरीच्या कुठल्याही गुराख्याला विचारा. चाफा लावला तिथेच उभा राहतो. हा फरक दिसत नसेल तर पुढचं बोलणंच खुंटतं.

सापांचं म्हणाल तर गोव्यात साप पाला नसतानाही येतात.

अशोक वाळला त्या जागी पाऊस स्थिरावल्यावर अंजनी लावून बघावी. मार्चच्या आसपास तिच्या फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके चिकटून येतात आणि मधमाश्या घोंघावत राहतात. खड्ड्यातलं पाणी जिरतंय का ते आधी तपासावं. काही अडलं तर जरूर लिहावं, मी उत्तर देईन. कुदळीची चौकशी पुन्हा झाली तर मात्र ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.