घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवावं कसं?

नवं कार्यालय बांधताय? की जुन्याचं नूतनीकरण काढलंय? मग हे वाचाच. परवा मैत्रिणीला सोबत म्हणून एका मदत केंद्रात गेले होते. तिथली रचना बघून इतकी भारावले की ही विद्या आपल्यापुरती ठेवणं बरं नव्हे, असं वाटलं.

सुरुवात बाकड्यांपासून. ती अशी मांडा की बसणाऱ्याची पाठ दाराकडे येईल. मारहाणीतून, हल्ल्यातून, अपघातातून वाचलेल्या माणसाचं मन सारखं मागची चाहूल घेत असतं. दार पाठीशी असलं की तो प्रत्येक पावलाला दचकतो, वळून वळून बघतो आणि काय सांगायला आलो होतो तेच विसरतो. भिंतीला टेकून बसता आलं, दार समोर दिसत राहिलं, तर तो शांत होण्याची भीती असते. शांत झालेली माणसं प्रश्न विचारतात.

बाहेर पडायची वाट कुठे आहे, ते पाटीवर लिहू नका.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइट मुळीच बदलू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण काहींच्या डोक्याला चांगलं कळतं. शिवाय एखादी उघड फडफडणारी असावीच, शोभेला.

खिडकीपुढे फायलींचं कपाट उभं करा. रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने १९८४ साली दाखवलं होतं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकंही कमी लागली. आता लोक असे भराभर सावरायला लागले तर आपली गर्दी टिकायची कशी?

किती वेळ लागेल हे कुणालाही सांगू नका.

खाजगी कंपनीत असाल तर छळाच्या तक्रारी ऐकायची केबिन काचेची करा, आणि मजल्याच्या मधोमध. अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये आघात सोसलेल्यांशी वागण्याची सहा तत्त्वं सांगितली. पहिलं सुरक्षिततेचं, पुढचं विश्वास आणि पारदर्शकतेचं. तुम्ही फक्त पारदर्शकता घ्या. आत कोण रडतंय ते सगळ्या विभागांना दिसलं पाहिजे.

आणि आता मुख्य दागिना, म्हणजे काउंटर. जाड काच बसवा आणि तिला भोक पाडा कमरेच्या उंचीवर, म्हणजे बोलणाऱ्याला वाकावं लागेल. भोक इतकं लहान ठेवा की आवाज आत पोचू नये, पण मागच्या रांगेला मात्र स्वच्छ ऐकू जावं. रांग अगदी खेटून उभी राहील इतकीच जागा सोडा. मैत्रीण वाकली आणि हळूच म्हणाली, ‘नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे.’ आतून आवाज आला, ‘मोठ्याने बोला.’ ती पुन्हा बोलली. ‘काय करतो नवरा?’ हे मात्र मायक्रोफोनवरून! आतल्या माणसाला मायक्रोफोन आहे, बाहेरच्याला नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, ‘मारतो.’ रांगेतल्या सगळ्या माना वर झाल्या. मागचा गृहस्थ इतका जवळ होता की त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. तिने कागद गोळा केले आणि म्हणाली, ‘चल, जाऊ या.’ किती आठवडे मन घट्ट करून ती इथवर आली होती, हे मला माहीत आहे. काच पुसायला दोन माणसं होती, तिला बाजूला नेऊन बसवायला एकही नव्हता. आणि वर म्हणे, बायका तक्रारी मागे घेतात!

मोठ्या आवाजाचा भोंगा, हत्यारबंद पहारा, आतून कडी नसलेलं स्वच्छतागृह वगैरे आणखी सल्ले लिहिणार होते. जाऊ द्या, ते तुम्हाला न सांगताही जमतं.

अहो, लाज वाटू द्या जरा. उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी भिंत सापडते, पण दार लावून बोलता येईल अशी एक खोली सापडत नाही? रांग चार पावलं मागे थांबवायला जमिनीवर एक पट्टी ओढावी लागते. काउंटरच्या अलीकडे एक खुर्ची ठेवावी लागते, आणि दोन्ही बाजूंना मायक्रोफोन. पुढे काय होणार, किती वेळ लागणार, हे एका फलकावर लिहावं लागतं. ‘बजेट नाही’ म्हणू नका. बाकडं फिरवायला कुठली निविदा लागते? आराखड्यावर सही करण्याआधी एकदा, ओळखपत्र खिशात ठेवून, त्या काचेच्या भोकापाशी वाका. आयुष्यात जे कुणालाही सांगितलं नाही ते तिथे मोठ्याने बोलून दाखवा. नाही ना जमत? मग पाडा ती काच.