‘मालक आणा’ म्हणणाऱ्यांना डॉर्टमुंडवरनं

डिसेंबर २०२५ पासून आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय. मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटी ह्या टीममधनं बाहेर पडला, आयएसएल, म्हणजे देशातली वरची फुटबॉल लीग, चालवायचा जो १५ वर्षांचा करार होता तो ८ डिसेंबर २०२५ ला संपला, सीझन आधीच जुलैपासून लटकलेला, खेळाडूंचे पगार काय होणार कुणाला माहीत नव्हतं. ह्यावर माझ्या मावसभावानं, आम्ही त्याला दादाच म्हणतो, असं लिहिलं की बघा, मोठा मालक गेला की फुटबॉल संपला, म्हणून आपल्याकडं मालकच पाहिजे, वर्गणीवर आणि नेत्यांच्या चषकावर टीम किती दिवस चालणार, कोल्हापुरातल्या तालमींच्या टीम पण एखाद्या कंपनीला देऊन टाका, चार पोरं तरी वर जातील. खाली पंधरा-वीस अंगठे. मग कुणीतरी मला टॅग केलं, तू जर्मनीत डॉर्टमुंडला राहतोस, तू बोल.

ग्रुपवर एवढं मोठं टाइप करून कुणी वाचत नाही म्हणून इथं लिहितोय.

दादाची तळमळ मला कळते. पाऊस असो, ऊन असो, शाहू स्टेडियमवर तो मॅच चुकवत नाही, आणि दरवर्षी खेळाडू नोंदणीच्या दिवसात कोण कुठल्या तालमीकडं गेला, किती घेतले, बाहेरचे कोण आणले ह्याचा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. पण ज्या गोष्टीवरनं त्यानं निष्कर्ष काढलाय तीच गोष्ट मला बरोब्बर उलटं सांगते. मालक गेला की टीम संपते, हे खरंय. मग इलाज अजून एक मालक कसा काय असेल?

आपल्याच राज्यात बघा ना. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली होती, मुंबईची टीम, २०१० मध्ये कंपनीनं ठरवलं आणि बंद. पुणे एफसी २००७ ला सुरू झाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, दुसरा आला, चांगली अ‍ॅकॅडमी होती, आयएसएल आल्यावर काही वर्षांत तोही गेला. भारत एफसी म्हणून एक टीम पुण्यात आली आणि एका सीझनमध्ये गुंडाळली. एफसी पुणे सिटी २०१४ ला आली, बालेवाडीला मॅचेस, २०१९ ला संपली आणि ती जागा हैदराबादला गेली, आणि तिथनंही २०२५ ला दिल्लीला. पुण्यातल्या ज्या पोरानं २०१४ ला जर्सी घेतली त्यानं आता काय करायचं, दिल्लीला सपोर्ट करायचा? गोव्यात तर धेंपोसारखा क्लब, पाच वेळा देशाचा चॅम्पियन, २०१६ ला साळगावकर आणि स्पोर्टिंगबरोबर आय-लीगमधनं बाहेर पडला, कारण वरच्या लोकांनी लीगची रचनाच अशी करायला घेतली की ह्या क्लबना दुय्यम जागा राहणार. धेंपो परत आला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. ह्यातल्या एकाही निर्णयात स्टेडियममध्ये बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

आणि मुंबई सिटी. २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी ग्रुपनं ६५ टक्के घेतले, २०२०-२१ ला शिल्ड (साखळीत पहिलं आल्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकल्याची) दोन्ही, २०२२-२३ ला परत शिल्ड, २०२४ ला परत ट्रॉफी. खेळ देखणा होता, मी इथनं पहाटे उठून नाही पण दुपारी ऑफिसच्या लंचमध्ये मोबाइलवर बघितलाय. म्हणजे मालकानं काहीच दिलं नाही असं मी म्हणत नाही. पण तो मँचेस्टरला बसलेला, आकडे जमेनात तेव्हा तो निघाला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही निघालो असतो, कारण त्याचं घर तिथं नाहीच.

आता इकडचं. मी बोर्सिगप्लाट्झपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. सहा रस्ते येऊन मिळतात असा गोल चौक आहे, आपल्या बिंदू चौकासारखी इथल्या लोकांची ती जागा. ह्याच चौकाजवळ एका दारूच्या गुत्त्याच्या वरच्या खोलीत १९ डिसेंबर १९०९ ला चर्चच्या मंडळातली पोरं जमली आणि त्यांनी बोरुसिया डॉर्टमुंड काढला, पाद्र्याला फुटबॉल आवडत नव्हता, तो मीटिंग मोडायला आला तर त्याला दारातच अडवला. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला लगेच आपल्या तालमी आठवल्या. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या, शाहू महाराजांच्या काळात बहरलेल्या, मग त्याच गल्लीतल्या पोरांनी फुटबॉल धरला. पाटाकडील म्हणजे पाटाकडील, खंडोबा म्हणजे खंडोबा, टीमचं नावच तालमीचं. जर्मन लोक ज्याला फेराइन म्हणतात ते आपल्याकडं तालीम मंडळ आहे. सभासद, वर्गणी, अध्यक्ष, वार्षिक सभा, सगळं तेच.

फरक एवढाच की त्यांनी ते लीगच्या नियमानं बांधून ठेवलंय. ५०+१ म्हणतात त्याला. क्लबनं कंपनी काढली, बाहेरचे पैसे घेतले, शेअर बाजारात गेला तरी मतं मूळ मंडळाकडं निम्म्यापेक्षा एक जास्त राहिलीच पाहिजेत. डॉर्टमुंड २००० सालापासून शेअर बाजारात आहे, मंडळाकडं शेअर अगदी थोडे आहेत पण कारभार ज्या छोट्या कंपनीच्या हातात आहे ती पूर्ण मंडळाची. म्युनिकचा बायर्नसुद्धा ७५ टक्के सभासदांचा, बाकीचे २५ टक्के आदिदास, ऑडी आणि अलियान्झमध्ये वाटलेले. लेव्हरकुझेन, वुल्फ्सबुर्गला सूट आहे कारण ते कारखान्याचेच क्लब, आणि लायप्झिगनं नियम पाळून त्यातनं पळवाट काढलीय, ते मला अजिबात पटत नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं, सत्तरी पार केलेले. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर मॅग्नेटखाली मेंबरशिप कार्ड लावलेलं असतं आणि मंडळाच्या सभेचं पत्र आलं की त्याच्या शेजारी ते लावतात, तारखेला पेनानं गोल करून. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. वात्स्के उभा होता, २००५ पासून क्लब चालवणारा माणूस, बुडता क्लब ज्यानं वर काढला तो, समोर दुसरा उमेदवारच नाही, आणि तरी त्याला मतं पडली ५९ टक्क्यांच्या आसपास. मी आजोबांना म्हणलं, एवढं केलं त्यानं आणि तुम्ही असं? ते म्हणाले, केलं म्हणूनच निवडून आला, पण त्याला कळलं पाहिजे की आम्ही बघतोय. शस्त्रांच्या कंपनीची स्पॉन्सरशिप २०२४ ला घेतली ते बऱ्याच सभासदांना आवडलेलं नव्हतं. ही गोष्ट मुंबई सिटीच्या एका तरी प्रेक्षकाला करता आली असती का?

लगेच दादा म्हणेल, मग जिंकलं काय? बरोबर आहे, हा प्रश्न मला पण दर मे महिन्यात टोचतो. २०१२ नंतर डॉर्टमुंडनं लीग जिंकलेली नाही. बायर्ननं २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा नेली. आणि आम्ही काय केलं, खेळाडू विकले. डेम्बेले दीड कोटी युरोला आणला, वर्षभरात साडेदहा कोटीला बार्सिलोनाला दिला. सँचो साडेआठ कोटी. हालांड दोन कोटीला आला आणि करारातल्या कलमामुळं सहा कोटीला गेला, बेलिंगहॅम १०.३ कोटी. असली पोरं एकाच टीममध्ये अजून दोन वर्षं राहिली असती तर, हा विचार मी हजार वेळा केलाय. २७ मे २०२३ ला लीग जिंकायला घरच्या मैदानावर माइन्झला फक्त हरवायचं होतं, मी चौकात मोठ्या गर्दीत उभा होतो, पेनल्टी चुकली, ०-२ झालं, २-२ वर संपलं, तिकडं कोलोनला बायर्नच्या मुसियालानं ८९ व्या मिनिटाला गोल मारला आणि गेलं सगळं. पोराला खांद्यावर घेतलं होतं, तो विचारत होता बाबा आता मिरवणूक नाही का. त्या दिवशी कुणी मला अरबाचा चेक दाखवला असता तर कदाचित मी पण सही केली असती.

पण थंड डोक्यानं बघितलं तर दोष विकण्यात नाही, विकून आलेल्या पैशाचं काय केलं त्यात आहे. जेव्हा तरुण पोरं घेतली तेव्हा टीम वर गेली, आणि जेव्हा तयार नावं मोठ्या पगारावर घेतली, २०१६ चा तीन कोटींचा शुर्ले घ्या, दोन वर्षांत लोनवर फुलहॅमला, तेव्हा पैसा पण गेला आणि खेळ पण. ही चूक मालक असता तरी झालीच असती. बर्लिनचा हेर्था बघा, गुंतवणूकदारानं ३७.४ कोटी युरो ओतले आणि २०२३ ला टीम खालच्या लीगमध्ये.

सभासद असले की सगळं छान असं पण नाही हं. आमच्या शेजारचा शाल्के शंभर टक्के मंडळाचा आहे, तरी २० कोटींच्या वर कर्ज करून २०२१ ला खाली गेला. आणि डॉर्टमुंड स्वतः २००५ ला बुडालेलाच होता, आमोरोसोसारखे महागडे खेळाडू घेतले, २००२ ला चॅम्पियन झाले, पुढच्या वर्षी ब्रुजकडनं पेनल्टीवर हरून चॅम्पियन्स लीग हुकली आणि पैशाचं गणित कोसळलं. स्टेडियम विकलेलं होतं, बायर्नकडनं २० लाख युरो उसने घेतले होते, १४ मार्च २००५ ला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर स्टेडियमच्या गुंतवणूकदारांनी बाजूनं मत दिलं म्हणून वाचले. पण वाचल्यावर काय केलं तर खेळाडूंचे पगार कापले, पोरं खेळवली, २००८ ला क्लॉपला कोच म्हणून आणला, २०११ ला चॅम्पियन. क्लब दुसऱ्या गावाला गेला नाही, नाव बदललं नाही, आणि शाल्के दुसऱ्या लीगमध्ये होता तेव्हाही साठ हजार लोक यायचे. पुण्यात असं एकदा तरी व्हायला पाहिजे होतं.

अजून एक सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगनं टीव्ही हक्कांतला ८ टक्के वाटा २० वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, साधारण शंभर कोटी युरो मिळणार होते. ३६ पैकी २४ क्लबची मतं लागत होती, बरोब्बर २४ पडली, आणि हॅनोव्हर क्लबच्या माणसानं, त्याच्या मंडळानं विरोधात मत द्यायला सांगितलेलं असताना, उलटं मत दिलं असा लोकांचा संशय. मग सगळ्या स्टेडियममध्ये पहिली बारा मिनिटं कुणी आवाजच करायचा नाही. आमच्या दक्षिण स्टँडवर चोवीस हजारांच्या वर लोक उभे असतात, ते सगळे गप्प, बॉलला पाय लागलेला ऐकू येत होता, आणि मग सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी मैदानात. पुढं टेनिस बॉल. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं तो सौदा रद्द केला. एक दगड नाही, एक खुर्ची मोडली नाही. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजीनं मॅचेस थांबतात तेव्हा मला हे आठवतं, एवढी ताकद आपल्याकडं पण आहे आणि ती आपण समोरच्या पेठेवर बाटल्या फेकण्यात घालवतो.

म्हणून दादा, माझं म्हणणं असं. टीम कंपनीला देऊ नका. स्पॉन्सर घ्या, जर्सीवर नाव घाला, पण मतं तालमीची तालमीकडं ठेवा. आणि नुसती ठेवू नका, वापरा. पुढच्या नोंदणीच्या आधी तालमीत सगळ्यांना बोलवा आणि हिशोब मोठ्यानं वाचा, कुणाकडनं किती आले, आफ्रिकेतनं आणि गोव्यातनं आणलेल्या खेळाडूंवर किती गेले, आणि पंधरा वर्षाच्या आतल्या आपल्या पोरांच्या बुटांवर, कोचवर, सकाळच्या दुधा-अंड्यांवर किती. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच ना, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला, असे अजून दहा पेठेत फिरत असतील. बाहेरचा खेळाडू आणायला माझा विरोध नाही, डॉर्टमुंड पण आणतंच, पण त्याच्यामुळं आपलं पोरगं बाकावर बसणार असेल तर ते सभासदांना विचारून ठरू दे.

माझी ह्या वर्षीची वर्गणी मी मोठ्या भावाकडं पाठवलीय, पावती घेऊन ठेवायला सांगितलंय. जूनमध्ये येतोय तीन आठवडे, सभा त्या वेळी ठेवली तर मी येईन, आणि आजोबांच्या फ्रिजवरच्या पत्राचा फोटो घेऊन येईन, अजेंडा कसा छापतात ते बघायला.