चोचले कुणाचे?

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय. माझ्या चुलत भावाचं, दादाचं, भोसरीत प्रेस शॉप आहे, म्हणजे यंत्राच्या दाबानं पत्र्याचे पीस काढायचा कारखाना. चौदा माणसं कामाला. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील तरच संहिता त्याला कारखाना म्हणते, म्हणजे आपल्यामागची इन्स्पेक्टरची कटकट गेली, असं त्याचं म्हणणं. रिस्क असेसमेंटचा, म्हणजे कामातले धोके आधी ओळखून ते आवरायचा, विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "हे गोऱ्यांचे चोचले. तिकडे पैसा आहे, त्यांना परवडतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमिचजवळ एका प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन बघते. दादाच्या शॉपसारखाच तेलाचा वास, तशीच डिस्पॅचची घाई. पैसा म्हणाल तर जानेवारीत अंगात कोट ठेवूनच काम चालतं. पण टूल, म्हणजे पीसला आकार देणारा डाय, बदललं की नेमलेला माणूस गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) तपासून सही करेपर्यंत प्रेस चालत नाही. टूल बदललं नाही तरी शिफ्टचे चार तास उलटायच्या आत ही तपासणी व्हावीच लागते. हा १९९८ चा नियम. पॉवर प्रेससाठी वेगळे नियम तर इथे १९६५ पासून आहेत. यात चोचला कुठला?

खरं तर दादाला जे हवंय तेच इथे पन्नास वर्षांपूर्वी मागितलं गेलं. कामावरच्या सुरक्षिततेचा १९७४ चा इथला कायदा ज्या अहवालावर उभा आहे, तो लॉर्ड रोबेन्स समितीचा, १९७२ चा. कायदे भाराभर झालेत आणि सुरक्षितता म्हणजे इन्स्पेक्टरचं काम असं जो तो धरून चाललाय, ही त्यातली तक्रार. मग उपाय काय? ज्याच्या कामातून धोका निर्माण होतो, त्यानंच तो ओळखायचा आणि आवरायचा. आज १९९९ च्या नियमांप्रमाणे एक माणूस कामाला असला तरी मालकाला असेसमेंट करावंच लागतं, आणि पाच झाले की त्यातलं महत्त्वाचं लिहून ठेवावं लागतं. इन्स्पेक्टर नको असेल तर हे करायला हवं. दोन्ही नको, असं कसं चालेल?

इथलेही कुणी जन्मतः शहाणे नव्हते. १९६६ मध्ये वेल्समधल्या ॲबरफॅन गावात खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर घसरला, ११६ मुलांसह १४४ जण गेले. तेव्हा इथल्या सरकारी कोळसा मंडळाचे अध्यक्ष हेच रोबेन्स होते.

आणि असेसमेंट म्हणजे नुसता फॉर्म भरणं, हा तर निव्वळ गैरसमज. आमच्याकडे एका प्रेसवर पंजाबी मावशी आहेत. सुपरवायझरनं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, सगळं ठीक. मी चहाच्या सुट्टीत हिंदीत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, पातळ पीस तेलानं डायला चिकटतो, मग बोटानं उचकटावा लागतो, गार्ड तेवढ्यापुरता सरकवते. कुठल्याच कागदावर हे नव्हतं. आता त्या डायवर पीस हवेच्या झोतानं उडतो आणि मावशींच्या हाताशी मॅग्नेटची दांडी असते.

चिंचवडला आमच्या शेजारी एक काका होते. उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेलेली. पंगतीत ते नेहमी टोकाला बसत, म्हणजे डाव्या हातानं जेवताना शेजारच्याला कोपर लागू नये. लोक म्हणायचे, नशीब, हात तरी वाचला. मला त्या "नशीब" शब्दाची आजही चीड येते.

दादानं शेवटी लिहिलं, "तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस." हे मात्र लागलं. कारण इथल्या कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की इंडियात माणसाच्या जिवाला किंमत नाही, तर मी पेटून उठते. तुमच्याकडेही २०२३-२४ मध्ये १३८ माणसं कामावर मेली, त्यातली ५० उंचावरून पडून, हे तोंडावर सुनावते. भारतातल्या आकड्यांशी तुलना मात्र काढत नाही, कारण ती मला सोसवत नाही. कॅन्टीनमध्ये मी भोसरीची असते आणि घरच्या ग्रुपवर तिकडची. पण त्या काकांच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क मी कुणाकडे मागणार नाही.

दादा, संहिता राहू दे बाजूला. तुझ्या प्रेसवरच्या पोराला एकदा विचार, कुठल्या पीसला दोनातलं एक बटण बांधून ठेवावं लागतं? दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस चालावी, म्हणजे हात बाहेर राहतात, यासाठीच तर ती असतात. लगेच सांगणार नाही तो, नग कमी भरले तर पैसे कापले जातील या धास्तीनं. म्हणून पैसे कापणार नाही हे आधी सांग. मग त्या डायचं ड्रॉइंग मला पाठव, हवेचा झोत कुठे बसतो ते मी बघून सांगते.