नेट ओढतंय कोण?

आमच्याकडे दुधाची वही आहे. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर असते, इस्त्रीला गेलेल्या कपड्यांचा आकडा फ्रिजवर. त्यामुळे ११ तारखेला नेटवाल्याचा मेसेज आला, ‘१००० जीबीपैकी ८०० जीबी वापरून झाले’, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला: याची वही कुठाय?

नेटवाल्या पोराला फोन लावला. “काका, घरातलंच कुणीतरी ओढतंय. हजार झाले की स्पीड २ एमबीपीएसवर येणार. ते सिस्टिमच करते, आपल्या हातात काय नाही.”

सेकंदाला २ एमबी म्हणजे काही वाईट नाही, असं मी म्हटलं. त्यावर मुलाने दया आल्यासारखं बघून सांगितलं, की बाबा, ते बिट आहेत, बाइट नाहीत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे पदरात सेकंदाला पाव एमबी. लिटर सांगून पाव लिटर घालणारा दूधवाला आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलला होता, तेव्हा हा मुलगाच सर्वांत जास्त हसला होता.

नेटवाल्याच्या मोडेममध्ये कोण जोडलंय ते दिसतं, कोण किती पितंय ते दिसत नाही. म्हणून मेव्हण्याकडचा जुना राउटर आणला. त्यात म्हणे प्रत्येकाचं वेगळं मीटर आहे. तो मोडेमला जोडला, सगळ्यांचे फोन त्याच्यावर घेतले आणि १९२.१६८.०.१ हे त्याचं सेटिंगचं पान उघडलं. यूजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. आमच्या सोसायटीच्या गेटवरही साधारण इतकीच कडक तपासणी असते.

घरात माणसं पाच. यादीत उपकरणं चौदा.

नावं तरी धड असावीत? दोन ‘अँड्रॉइड’, एक ‘अननोन’, बाकी नुसती बारा अक्षर-आकड्यांची रांग. तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. पूर्वी तिच्या पहिल्या निम्म्या भागावरून उपकरण कोणत्या कंपनीचं ते कळायचं. म्हणजे आडनावावरून गाव ओळखावं तसं. पण २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपलं खरं नावच सांगत नाहीत, बनावट मॅक सांगतात. बाहेरच्यांनी पाळत ठेवू नये म्हणून ही सोय. घरातल्या बापाचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

शेवटी मी जुनीच पद्धत काढली: एकेकाचं नेट तोडायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. पहिलं तोडल्यावर स्वयंपाकघरातून “अहो!” आलं. नोंद केली. दुसऱ्याला मुलीच्या खोलीचं दार आपटलं. तिची मीटिंग चालू होती. तिसऱ्याला कुणीच ओरडलं नाही. सापडला चोर! आनंदाने पुढचं पान उघडायला गेलो तर उघडेना. तो माझाच फोन होता. मग राउटरच्या पाठीतल्या भोकात टाचणी खुपसून सगळं पहिल्यापासून.

मुलाचं नेट रात्री अकराला तोडलं. अकरा वाजून चार मिनिटांनी यादीत एक नवीनच पाहुणा. त्याने सेटिंगमध्ये जाऊन फोनचं सोंग बदललं होतं. बारावीच्या अभ्यासात ही चपळाई दिसली असती तर मी त्याला वेगळी लाइन घेऊन दिली असती.

बरं, मीटरही मेव्हण्यासारखंच. ४.२९ जीबी झाले की त्याचा काटा पुन्हा शून्यावर. बत्तीस बिटांत त्याहून मोठा आकडा मावतच नाही. लाइट गेली की तर सगळंच पुसलं जायचं. म्हणून मी दर तीन तासांनी आकडे वहीत उतरवू लागलो. “पहिल्या बाळाच्या वेळी एकदा उठला नाहीत,” बायको म्हणाली.

दोन दिवसांनी बेरीज केली. सगळ्यांचं मिळून दिवसाला सरासरी १९ जीबी. नेटवाल्याच्या हिशोबाने ११ दिवसांत ८००, म्हणजे दिवसाला ७३ च्या आसपास. ५४ जीबी गायब! पंचवीस वर्षं लेजर लिहिलेल्या माणसाला ताळा जमला नाही की जेवण जात नाही.

त्या रात्री दोनच्या नोंदीला उठलो आणि म्हटलं मोडेमचे दिवे बघावेत. मोडेम आईच्या खोलीत आहे, कारण वायर त्या खिडकीतून आलीये. माझा राउटर त्याच्या एका भोकात होता. दुसऱ्या भोकातून एक पिवळी वायर निघून भिंतीच्या कडेकडेने आईच्या टीव्हीत गेली होती. माझ्या मीटरच्या पार आधीच.

टीव्ही चालू होता, आवाज बंद. देवस्थानाचं लाइव्ह दर्शन. अंदाजे ५ एमबीपीएस. तासाला सव्वादोन जीबी, चोवीस तासांचे ५४. ताळा चोख जमला.

“आई, हा रात्रभर चालू असतो?”

“मग काय. झीरोचा दिवा गेला तो तू बदलला नाहीस.”

“अगं, पण देव केव्हाच झोपलेत. बंद दार दिसतंय नुसतं.”

“तो टीव्हीच विचारतो मधूनमधून, अजून बघताय का. मी जागीच असते. देवाच्या दारात बसून नाही कसं म्हणायचं? दाबते हो.”

मी क्वालिटी ४८० वर आणली. दार जरा पुसट झालं.

“त्याच्या कुलपावरचं कुंकू दिसत नाही आता,” आई म्हणाली.

पुन्हा वाढवली. वही मिटून तिच्या पलंगाच्या कडेला टेकलो. पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. मग एक पहारेकरी आला, कुलूप ओढून बघितलं, दाराशेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याने खिशातून मोबाईल काढला.