‘डिजिटल केबल कुठलीही चालते’ म्हणे!

हा मेसेज अधूनमधून फिरून येतोच: “डिजिटल म्हणजे नुसते शून्य आणि एक. चित्र आलं तर पूर्ण येतं, नाहीतर येतच नाही. त्यामुळे केबल, पोर्ट कुठलंही चालतं. मॉनिटरचं पूर्ण रिझोल्यूशन मिळत नसेल तर ग्राफिक्स कार्ड बदला.”

शून्य-एक जातात हे खरंच. पण सेकंदाला किती? सिंगल-लिंक डीव्हीआयला (मॉनिटरला चित्र पोचवणारी एक जुनी डिजिटल जोडणी) १९९९ च्या मानकातच सेकंदाला १६.५ कोटी पिक्सेलची मर्यादा आहे. १९२०×१२०० ला ६० हर्ट्‌झने, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, गुणलं तर होतात १३.८ कोटी, म्हणजे आरामात बसायला हवं. पण दोन ओळींमधला आणि दोन फ्रेममधला मोकळा वेळही हिशेबात धरावा लागतो. जुन्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत मागे यायला तो वेळ लागायचा. तेवढा ठेवला तर आकडा १९.३ कोटींवर जातो आणि गाडी अडते. सपाट पॅनेलला झोतच नसतो, म्हणून हा वेळ छाटला की १५.४ कोटी. बसलं! केबल तीच, रिझोल्यूशनही तेच.

‘आलं तर पूर्ण येतं’ हे तर मी स्वतः खोटं ठरताना पाहिलंय. २५६०×१४४० चा मॉनिटर जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयला लावला, तर यादीत १९२०×१०८० च्या वर काहीच नाही. चित्र आलं, पण अक्षरं धूसर. ३० हर्ट्‌झ हाताने टाकून पाहिले आणि पूर्ण रिझोल्यूशन आलं. माउसचा बाण मात्र उड्या मारत पळू लागला. शेवटी त्याच लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टवर ६० हर्ट्‌झ मिळाले. काही वेळा तर रिझोल्यूशन शाबूत राहतं आणि रंगांना कात्री लागते: चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच. काळ्यावरची लाल अक्षरं बघा, कडा विरलेल्या दिसतील.

‘पोर्ट कुठलंही’? आयबीएमचा ३८४०×२४०० चा टी२२० मॉनिटर २००१ साली आला, तो चार डीव्हीआय जोडण्यांवर चालायचा. हौस म्हणून नव्हे.

राहिलं कार्ड. पोर्ट कार्डावरच असतं, तेव्हा कधीकधी दोष खरंच त्याचा निघतो. पण आधी रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं) ३० वर आणा. पूर्ण रिझोल्यूशन उमटलं, तर कार्डाला ते झेपतंय. अडलंय ते पोर्टात, केबलमध्ये नाहीतर मधल्या अडॅप्टरमध्ये.